रिकामे तळे वर का उचलले जाते?

शाळेच्या बागेत एक छोटेसे तळे असावे, त्यात कमळे फुलावीत, मासे पोहावेत आणि जीवशास्त्राच्या तासाला काठावर बसून बेडकाच्या शेपटीवाल्या पिलांचे निरीक्षण करता यावे, असे कोणाला वाटणार नाही? उन्हाळ्याच्या सुट्टीत खड्डा खणला जातो, गवंडी तळाला काँक्रीट घालतो, भिंती उभ्या राहतात, गिलावा होतो. पाणी भरून कोठे गळत नाही ना, हे पाहिले जाते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा तळे तयार असते.

मग पावसाळा येतो. ऑगस्टच्या सुमारास पाणी हिरवट, गढूळ दिसू लागते. कोणीतरी सुचवते, “एकदा तळे उपसून स्वच्छ करू या.” पंप लावून पाणी काढून टाकले जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे, तो तळाला मधोमध फुगवटा आलेला आणि त्यातून वेडीवाकडी भेग गेलेली! क्वचित सबंध हौदच एका बाजूने वीतभर वर उचललेला दिसतो. मग कोणी सिमेंटला बोल लावतो, कोणी गवंड्याला. पण पुष्कळदा त्या दोघांचाही काही दोष नसतो. तळे फोडणारे पाणी आतले नसते, बाहेरचे असते. ते जमिनीत असते आणि डोळ्यांना दिसत नाही.

तळ्यात पाणी असताना जे घडले नाही, ते तळे रिकामे केल्यावर का घडावे? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. ते आता आपण शोधू या.

जमिनीखालचे पाणी

पावसाचे काही पाणी वाहून जाते, काहीची वाफ होते आणि काही जमिनीत मुरते. मुरलेले पाणी मातीच्या कणांमधील पोकळ्या, मुरूम आणि खडकातील भेगा भरत जाते. ज्या खोलीखाली या सर्व पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, त्या पातळीला भूजलपातळी म्हणतात. उपसा नसलेल्या विहिरीत पाण्याचा पृष्ठभाग जेथे दिसतो, साधारणपणे तीच आजूबाजूची भूजलपातळी होय.

ही पातळी स्थिर नसते. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या कातळात पाणी साठवायला जागा थोडी. त्यामुळे पावसाळ्यात ती लवकर भरते आणि उन्हाळ्यात लवकर रिकामी होते. मे महिन्यात तळ गाठलेली विहीर सप्टेंबरात कित्येक मीटर वर आलेली तुम्ही पाहिली असेल. कोकणातील सच्छिद्र जांभ्यात तर काही विहिरी जुलैतच काठोकाठ भरतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ साली स्थापन झाली. ती गावोगावच्या निरीक्षण विहिरींतील पातळी दरवर्षी ठरावीक महिन्यांत मोजून नोंदवत असते, ती याच चढउतारासाठी.

येथेच पहिली मेख आहे. तळ्याचा खड्डा आपण खणतो मे महिन्यात. तेव्हा माती कोरडी ठणठणीत असते. तिच्याकडे पाहून ‘येथे भूजलाचा त्रास नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर किल्ला बांधण्यासारखे आहे.

तळे नव्हे, होडी!

आर्किमिडीजचे तत्त्व तुम्हांला ठाऊक आहे. द्रवात बुडालेल्या वस्तूवर वरच्या दिशेने एक बल कार्य करते आणि त्या बलाचे परिमाण वस्तूने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाएवढे असते. हेच प्लावक बल. लोखंडी जहाज तरंगते, कारण ते आतून पोकळ असते आणि आपल्या वजनाएवढे पाणी बाजूला सारते.

आता रिकाम्या हौदाकडे पाहा. तोही आतून पोकळ आहे. त्याच्या सभोवतीच्या मातीत पाणी भरले की हौद पाण्यात बुडालेल्या पेटीसारखा होतो. मातीच्या कणांमधून का होईना, पाणी त्याच्या तळाशी पोचते आणि तळाला वर ढकलू लागते. म्हणजे आपण बांधले तळे, पण पाण्याच्या दृष्टीने ती झाली होडी! होडीने तरंगू पाहिले तर नवल ते काय?

तळे भरलेले असताना आतील पाण्याचे वजन तळाला खाली दाबून धरते. आपण ते पाणी उपसतो, तेव्हा हा विरोध आपणच काढून घेतो.

थोडा हिशेब

नुसते ‘बल लागते’ म्हणून भागणार नाही. किती लागते तेही पाहू. सोयीसाठी बल न्यूटनऐवजी किलोग्रॅम-वजनात मोजू.

समजा, हौदाचे बाहेरून माप ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १ मीटर खोल आहे. तळ आणि भिंती १० सेंमी. जाड काँक्रीटच्या आहेत. तळाचे घनफळ ४ × ३ × ०.१ = १.२ घनमीटर. चारी भिंतींचे मिळूनही जवळजवळ तेवढेच, म्हणजे १.२ घनमीटर भरते. १ घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २४०० किग्रॅ. धरले, तर हौदाचे वजन २.४ × २४०० = ५७६० किग्रॅ. झाले. पावणेसहा टनांची ही वस्तू हलेल असे कोणाला वाटणार?

पण आता बाहेरच्या पाण्याचा जोर पाहा. हौदाच्या बुडाचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. भूजल बुडापासून १ सेंमी. वर चढले की बाजूला सारलेले पाणी होते ०.१२ घनमीटर, म्हणजे १२० किग्रॅ. ५७६० ला १२० ने भागा. उत्तर येते ४८. याचा अर्थ, भूजल बुडापासून अवघे ४८ सेंमी. वर आले की प्लावक बल आणि रिकाम्या हौदाचे वजन समसमान होतात. त्याहून वर गेले की हौद उचलला जाणार. पाणी थेट जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत आले, तर प्लावक बल १२,००० किग्रॅ. होईल. हौदाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त!

तळाची फरशी तर याच्याही आधी संकटात येते. १ चौरस मीटर फरशीचे वजन २४० किग्रॅ. आहे. प्रत्येक सेंटिमीटर चढणारे भूजल तिला १० किग्रॅ.ने वर ढकलते. म्हणजे २४ सेंमी. पाणी होताच फरशीचे वजन संपले. त्यानंतर कडांना भिंतींचे वजन तिला खाली धरून ठेवते आणि मध्यभागी पाणी वर ढकलत राहते. मधोमध फुगवटा आणि भेग का येते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. वरून येणारा भार पेलण्यासाठी केलेल्या फरशीला खालून येणारा भार सोसत नाही.

सभोवतीच्या मातीचे घर्षण हौदाला थोडेफार धरून ठेवते, हे खरे. पण भिजून सैल झालेल्या मातीवर भिस्त ठेवू नये.

थोडे पाणी, मोठे बल

येथे एक शंका येते. बारा टन उचलायला जमिनीत पाणीही तितकेच प्रचंड हवे ना? नाही. द्रवाचा दाब त्याच्या खोलीवर अवलंबून असतो, तो किती रुंद पसरला आहे यावर नाही. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ सालीच हे दाखवून दिले होते.

आपल्या हौदाच्या चारी बाजूंनी फक्त २ सेंमी. रुंदीची फट आहे, असे समजा. हौदाचा परिघ १४ मीटर. या फटीत ४८ सेंमी. उंचीपर्यंत पाणी भरायला १३५ लिटरांच्या आसपास पाणी पुरते, म्हणजे नऊ-दहा बादल्या. हे पाणी हौदाच्या बुडाखाली शिरले की पावणेसहा टनांचा हौद उचलण्याच्या बेतात येतो!

यावरून दुसरी मेख ध्यानात येते. खड्डा नेहमी हौदापेक्षा थोडा मोठा खणावा लागतो. बांधकाम झाल्यावर उरलेली फट मोकळ्या मातीने बुजवतात. खड्डा चिकणमातीत किंवा कातळात खणलेला असेल, तर त्याच्या बाजूंतून पाणी सहसा झिरपत नाही. मग पावसाचे पाणी त्या मोकळ्या भरावात मुरते आणि तेथेच अडकून राहते. खड्डा हीच एक टाकी बनते आणि तिच्यात आपला हौद बसलेला असतो! अशा वेळी शेजारच्या विहिरीचे पाणी पाच-सहा मीटर खाली असले तरी उपयोग नाही. म्हणून विहीर पाहून निश्चिंत होऊ नका. हौदाच्या अंगालगत काय चालले आहे, तेही पाहा.

जमिनीत पुरलेल्या कोणत्याही पोकळ वस्तूला हाच नियम लागू पडतो. पेट्रोलपंपाच्या भूमिगत टाक्या काँक्रीटच्या जड पायाला पट्ट्यांनी जखडतात, ते यासाठीच. फायबरची हलकी शौचटाकी रिकामीच पुरून ठेवली, तर पहिल्या मोठ्या पावसात ती वर येऊ शकते.

प्लॅस्टिकचा कागद घातलेले तळे

अलीकडे तळ्याला काँक्रीटऐवजी प्लॅस्टिकचा जाड कागद घालतात. शेततळ्यांत ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा कागद तुम्ही पाहिला असेल. तो पॉलिथिनचा असतो. त्याच्या १ चौरस मीटरचे वजन जेमतेम अर्धा किलो. त्यातून पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके! बाहेरचे पाणी आतल्या पाण्यापेक्षा १ सेंमी. जरी उंच झाले, तरी दर चौरस मीटरला १० किग्रॅ. बल लागते आणि कागद पुरीसारखा फुगून वर येतो.

फुगवट्याचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे हवा. कोरड्या मातीच्या पोकळ्यांत हवा भरलेली असते. खालून भूजल चढू लागले की ते या हवेला वर रेटते. वर कागद असल्यामुळे हवेला वाट मिळत नाही आणि ती कागदाखाली कोंडते. खड्ड्यात राहिलेली मुळे, पालापाचोळा कुजून निघणारे वायूही त्यात भर घालतात. तेव्हा खड्डा करताना सगळी मुळे काढून टाकावीत आणि कागदाखाली वाळूचा थर द्यावा. कागदाखालून काठापर्यंत खडीची अरुंद पट्टी ठेवली, तर हवेला बाहेर पडायला मार्ग मिळतो.

कागदावर गोटे पसरले तर? १० सेंमी. जाडीच्या गोट्यांच्या थराचे वजन दर चौरस मीटरला दीडशे-एकशेसाठ किग्रॅ. भरते. म्हणजे तो पंधरा-सोळा सेंमी. पाण्याचाच जोर सोसेल. थोडा आधार मिळेल, पण पूर्ण संरक्षण नाही.

करून पाहा

एक बादली, धुतलेली जाड वाळू, सरळ बाजूंचा प्लॅस्टिकचा गोल डबा, काही खडे आणि बोटभर जाडीची पारदर्शक नळी घ्या. नळीच्या एका टोकाला पातळ फडके बांधा.

बादलीत चार बोटे वाळू घाला. तीवर मधोमध रिकामा डबा ठेवून त्याच्या काठापर्यंत सैल वाळू भरा. बादलीच्या कडेला नळी अशी उभी करा, की तिचे फडके बांधलेले टोक डब्याच्या बुडापेक्षा खाली राहील. नळीत दिसणारे पाणी ही तुमची ‘भूजलपातळी’. आता कडेने सावकाश पाणी ओता आणि बादलीला मधूनमधून हलकेच टिचकी मारा. डबा केव्हा वर येतो, ते पाहा.

दुसऱ्या वेळी डब्यात खडे घालून तो तराजूत तोला. वजन ग्रॅममध्ये घ्या आणि त्याला डब्याच्या बुडाच्या क्षेत्रफळाने, चौरस सेंटिमीटरमध्ये, भागा. डब्याची त्रिज्या ५ सेंमी. असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी. होईल. डबा आणि खडे मिळून ३१४ ग्रॅम भरले, तर भागाकार ४ येईल. म्हणजे पाणी डब्याच्या बुडापासून ४ सेंमी. वर आले की डबा उचलला जाईल, असे भाकीत तुम्ही आधीच करू शकता. प्रत्यक्षात पाणी थोडे जास्त लागेल. ते का, याचा विचार करा.

तिसऱ्या वेळी डबा पाण्याने भरून ठेवा आणि मग बाहेर पाणी ओता. डबा जागचा हलणार नाही. आता त्यातले पाणी पेल्याने काढू लागा. बागेतल्या तळ्याचे ऑगस्टमध्ये काय होते, हे तुमच्या डोळ्यांसमोर घडेल.

उपाय कोणते?

पहिला उपाय जागेची निवड. बागेतील सखल, पाणी साचणारी जागा तळ्यासाठी योग्य वाटते, पण तीच सर्वांत धोक्याची. थोडी उंच जागा निवडा. घाई नसेल तर एक पावसाळा थांबून आधी निरीक्षण करा. जवळच्या विहिरीची पातळी दर पंधरवड्याला दोरीने मोजून तक्ता करा. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, कठडा असलेल्या विहिरीवरच करावे. पाणी फार वर येत असेल, तर तळे अर्धे जमिनीत आणि अर्धे जमिनीवर बांधावे. आपल्या उदाहरणातील हौद ४५ सेंमी.च जमिनीत घेतला असता, तर रिकामा असतानाही तो तरंगला नसता. पण त्याच्या तळाचा प्रश्न उरतोच, हे विसरू नका. २४ सेंमी.चा हिशेब आठवा!

दुसरा उपाय पाण्याला वाट करून देण्याचा. हौदाच्या बुडाखाली आणि भिंतींभोवती खडीचा थर द्यावा. त्यातून भोके पाडलेला पाइप घालून तो उताराने दूर, बुडापेक्षा खालच्या पातळीवर मोकळा सोडावा. मीटरला १ सेंमी. उतार पुरतो. खडी आणि माती यांच्यामध्ये जाड वाळूचा थर हवाच. नाही तर मातीचे बारीक कण खडीत शिरून ती तुंबते, शिवाय माती वाहून गेल्याने फरशीखाली पोकळी होते. अशा निचऱ्याच्या चराला इंग्रजीत ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. मात्र त्याचा फ्रान्सशी संबंध नाही! हेन्री फ्रेंच या अमेरिकन गृहस्थाने १८५९ साली शेतीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिले, त्यावरून हे नाव पडले. सांगली-कोल्हापूर भागातील पाणथळ, क्षारपड जमिनी सुधारण्यासाठीही जमिनीखाली असेच सच्छिद्र पाइप घालतात.

तिसरा उपाय अगदी स्वस्त, आणि तो कोणत्याही तळ्याला करता येतो. हौदालगत १०-१५ सेंमी. व्यासाचा पाइप उभा पुरावा. त्याचे खालचे टोक हौदाच्या बुडापेक्षा थोडे खाली, खडीत असावे. वरून झाकण लावावे. यात काठी घालून पाहिले की बाहेरचे पाणी कोठवर आले आहे, हे केव्हाही कळते. डॉक्टर नाडी पाहतात, तशी ही तळ्याची नाडी! सपाट जागेत निचऱ्याला उतार मिळत नसेल, तर पाइपाऐवजी छोटी विहीरवजा कोठी करून तेथून पंपाने पाणी काढता येते.

चौथा उपाय वजन वाढवण्याचा. पण हा महागात पडतो. आपला हौद भर पावसाळ्यात रिकामा ठेवूनही जागेवर राहावा, असे वाटत असेल, तर फरशी आणखी ३७ सेंमी. जाड करावी लागेल. कारण काँक्रीट वाढवले की बाजूला सारलेले पाणीही वाढते. प्रत्येक घनमीटरमागे २४०० पैकी १४०० किग्रॅ.च उपयोगी पडतात. उलट हौदात ५९ सेंमी. पाणी ठेवले की तेवढेच काम होते. तेही फुकटात!

याशिवाय तळ्याचा काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा आणि भोवतालची माती तळ्यापासून दूर उतरती करा. छपराच्या पन्हळीचे पाणी तळ्याजवळ सोडू नका. खतावलेल्या वाफ्यांतील पाणी फटीतून तळ्यात शिरले, तर शेवाळ माजते. तेव्हा या खबरदारीने पाणीही स्वच्छ राहते.

तळ्याचे वर्ष

सगळे उपाय एका नियमात सांगता येतील: तळ्यातील पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा कधीही खाली जाऊ देऊ नका.

म्हणून तळे साफ करायचे ते एप्रिल-मे महिन्यात, भूजल खोल गेलेले असताना. पावसाळ्यापूर्वी ते पूर्ण भरून ठेवावे. जून ते ऑक्टोबर तळे उपसू नये. पाणी बदलायचेच असेल, तर एका वेळी पाव हिस्सा काढून लगेच नवे भरावे. साठलेल्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडावेत. अगदीच रिकामे करण्याची वेळ आली, तर आधी शेजारच्या पाइपातील किंवा कोठीतील पाणी उपसून बाहेरची पातळी बुडाखाली न्यावी आणि मगच तळ्याला हात लावावा.

आणि समजा, तळे उपसत असताना फरशी फुगू लागली, तर? उपसणे ताबडतोब थांबवून तळ्यात पाणी सोडावे. भेगेतून पाणी आत येत असेल, तर ते घाईघाईने सिमेंटने बंद करू नये. आत येणारे पाणी दोन्ही बाजूंचा दाब सारखा करत असते. ते अडवले तर दाब वाढून भेग मोठी होईल. दुरुस्ती उन्हाळ्यात करावी, आणि तेव्हा निचऱ्याची सोयही करावी. नुसती भेग बुजवली, तर पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उघडेल.

तुमच्या शाळेत तळे असेल, तर आजच त्याची मापे घ्या आणि किती भूजल त्याला उचलू शकेल, याचा हिशेब करा. तो आकडा एका पाटीवर लिहून तळ्याजवळ लावा. पुढच्या ऑगस्टमध्ये कोणी पंप घेऊन आला, तर ती पाटी तळे वाचवील.

स्वाध्याय

१. ५ मी. × ४ मी. मापाच्या, सपाट तळाच्या तळ्यात प्लॅस्टिकचा कागद घातला आहे. आत १० सेंमी. पाणी आहे आणि बाहेरचे भूजल तळापासून ३० सेंमी. उंच आहे. कागदाच्या तळावर एकूण किती बल वरच्या दिशेने लागेल? (उत्तर: ४००० किग्रॅ.-वजन)

२. प्रयोगातील डबा अपेक्षेपेक्षा थोडे जास्त पाणी झाल्यावर का उचलला गेला?

३. समुद्रकाठच्या गावात जमिनीतील पाणी खारे असेल, तर प्लावक बल वाढेल की कमी होईल? कारण द्या.